युडीकोलनचा उन्हाळा

उन्हाळ्यात मला जड वास सोसत नाहीत. हिना, ऊद थंडीत शालीसारखे उबदार वाटतात; एप्रिलमधल्या पुण्यात दुपारी दोन वाजता तेच अंगावर घोंगडी टाकल्यासारखे होतात. म्हणून मार्च सरला की मी साधं कोलन लावतो. आधी लिंबू, संत्र्याची साल, बर्गमॉट. मागून रोझमेरी आणि लॅव्हेंडरचा हिरवट, किंचित औषधी वास. शेवटी नारंगीच्या फुलांचा, म्हणजे नेरोलीचा, हलका गोडवा.

हा मेळ तीनशे वर्षांचा आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात इटलीहून आलेल्या फारिना कुटुंबाची पेढी 1709 साली सुरू झाली. योहान मारिया फारिनाने आपल्या सुगंधाला त्या शहराचंच नाव दिलं : ओ द कोलोन, कोलोनचं पाणी. यात तेलं थोडी, साधारण दोन ते पाच टक्के; बाकी अल्कोहोल आणि पाणी. लिंबूवर्गीय तेलांचे रेणू हलके, त्यामुळे ते सर्वांत आधी उडतात. तासाभरात फारसं काही उरत नाही. अनेकांना हा दोष वाटतो. मला तो सभ्यपणा वाटतो.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर काळपट डाग पडू शकतात. हल्ली बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं, तरी मी फवारा शर्टावरच मारतो.

आपल्याकडे मात्र हे पाणी मिरवण्यापेक्षा तापासाठीच जास्त वापरलं गेलं. वाडग्यात गार पाणी, त्यात युडीकोलनचे थेंब, कपाळावर रुमालाची घडी. अल्कोहोल उडताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्यातलं औषध.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात आई रात्र रात्र अशा घड्या बदलत बसायची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्यांदा कोलन लावून खोलीबाहेर आलो, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुणाला ताप आलाय?” मग जवळ आली, वास घेतला आणि काही न बोलता परत गेली. मला जो वास उन्हाळ्याचा, तो तिला त्या खोलीचा. समजावून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. तेव्हापासून मी चपला घालून झाल्यावर, जिन्यात कोलन लावतो.

गेल्या मे महिन्यात आईलाच ताप भरला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी नुसत्या पाण्याच्या घड्या ठेवत होतो. दोन-तीन घड्या झाल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, “तुझ्या बाटलीतलं घाल की थोडं त्यात.”

मी घातलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “त्यांनाही आवडायचा हा वास. आजारपणाच्या आधीपासून.”

हे मला ठाऊक नव्हतं.

पहाटे ताप उतरला. बाटली अजूनही दाराजवळच्या फळीवरच असते, पण आता कधी कधी तिची जागा थोडी बदललेली दिसते.