चहाच्या मळ्यातले घड्याळ

आसामात जोरहाटच्या बाजूला गेलात आणि कोणी "उद्या सकाळी साडेसातला मळ्यावर या" असे सांगितले, तर लगेच मान डोलावू नका. साडेसात म्हणजे कोणते, ते आधी विचारून घ्या. इथे दोन घड्याळे चालतात. एक रेल्वे, बँक आणि सरकारी कचेऱ्यांचे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचे. दुसरे चहाच्या मळ्यांचे. त्याला म्हणतात 'बागान टाइम', आणि ते पहिल्यापेक्षा बरोबर एक तास पुढे असते.

इंग्रज मळेवाल्यांनी ही पद्धत घातली. कारण अगदी साधे आहे. आपला देश पूर्व-पश्चिम इतका पसरलेला आहे की अरुणाचलच्या डोंग गावात सूर्य उगवल्यानंतर कच्छच्या टोकाला तो दिसायला जवळजवळ दोन तास लागतात. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते आणि आपण एकोणतीस रेखांशांवर पसरलो आहोत, एवढाच तो हिशेब. पण घड्याळ मात्र सगळ्यांना एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचे. त्यामुळे जून महिन्यात मुंबईत सहाला उजाडते, तेव्हा जोरहाटला सूर्य वर येऊन दीड तास होऊन गेलेला असतो. तिथे तो चार वाजून वीस मिनिटांनीच उगवतो.

मी गेले ते नोव्हेंबरच्या मध्याला. त्या दिवसांत सकाळी साडेपाचला लख्ख उजाडते आणि संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य बुडतो. आपल्याकडे दुपारचा चहा उकळत असतो, तेव्हा तिथे दिवेलागण होते. पहिल्या दिवशी तर पाचलाच भूक लागली आणि साडेसातला झोप अनावर झाली. शरीर सूर्याचे ऐकते, मनगटावरच्या घड्याळाचे नाही.

जोरहाटपासून थोड्या अंतरावरच्या एका मळ्यात सकाळी गेले. कारखान्याच्या फाटकाजवळ रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. चौकीदाराने त्यावर ठोके दिले आणि लाइनीतून, म्हणजे मजुरांच्या वस्तीतून, बायका बाहेर पडल्या. डोक्यावर बांबूची रुंद टोपी, पाठीवर टोपली, कमरेला जाड कापड गुंडाळलेले, म्हणजे झुडपांच्या काड्या टोचत नाहीत. मळ्याच्या घड्याळात साडेसात वाजले होते, माझ्या घड्याळात साडेसहा. खुडणीचे काम बहुतेक बायकाच करतात. दोन पाने आणि एक कळी, दोन पाने आणि एक कळी, असे हात चालत राहतात. बोलणे सुरू असते, पण नजर झुडपावरून हलत नाही. यांचे पणजे-खापरपणजे छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून मळेवाल्यांनी इथे आणलेले. घरात सादरी बोलतात, बाहेर असमिया.

दुपारी साडेतीनला पानांचे वजन झाले. मळ्याच्या घड्याळात तेव्हा साडेचार. सूर्य बुडायला पाऊण तास होता. तेवढ्यात बायका घरी पोचतात, सरपण आणतात, पाणी भरतात. वाटेवर दिवा नसतो आणि झुडपांमध्ये बिबट्या असू शकतो, तेव्हा या पाऊण तासाची किंमत मोठी असते. मळा प्रमाणवेळेने चालला असता तर या बायका अंधारात चाचपडत परतल्या असत्या.

अर्थात यात मळेवाल्यांचे भलेच आहे. उजेड जास्त, तेवढी पाने जास्त. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही.

एका खुडणाऱ्या बाईला मी विचारले, "बाईदेउ, तुमच्या घरात कोणते घड्याळ?" तिला आधी हसू आले. मग ती म्हणाली, "माझे बागानचे, मुलांचे शाळेचे." मुलगा हायस्कुलात जातो. शाळा प्रमाणवेळेने नऊला भरते. आई साडेसहाला कामावर गेलेली. त्याला उठवायचे, भात वाढायचे, वेळेवर बाहेर काढायचे, हे सगळे तेरा वर्षांच्या मुलीने करायचे आणि मग स्वतः शाळा गाठायची. बँकेत काम असेल तर आईची अर्धी हजिरा बुडते, कारण बँक उघडते तेव्हा मळ्यातली सकाळ निम्मी सरलेली असते. बागान टाइम मळ्याच्या कुंपणापुरते सोयीचे आहे. कुंपणाबाहेर एकाच घरातली माणसे दोन वेळांत वाटली जातात.

शिवसागरजवळ नाझिराला तेल कंपनीच्या वसाहतीत नाशिकच्या एक वहिनी भेटल्या. अकरा वर्षे इथे आहेत. लाल चा, म्हणजे बिनदुधाचा चहा, पुढ्यात ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्या वर्षी मी सासूबाईंना संध्याकाळी सातला फोन करायचे, आणि त्या म्हणायच्या, आत्ता कुठे दिवा लावला! इथे आमची जेवणे उरकलेली असायची." मी विचारले, मग कचेऱ्याच तासभर लवकर का उघडत नाहीत? घड्याळाला हात कशाला लावायचा? वहिनी हसल्या. "दिल्लीचा फोन साडेपाचला येणार असेल, तर साहेब साडेचारला घरी कसा जाईल?"

त्या बोलण्यात तथ्य आहे. २०१७ साली अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी हेच मांडले होते: इथे माणसे पहाटे चार-पाचला उठतात आणि कचेऱ्या उघडतात दहाला. चित्रपट दिग्दर्शक जाहनू बरुआ तर ईशान्येच्या वेगळ्या वेळेसाठी कितीतरी वर्षे झगडत आहेत. २०१४ च्या जानेवारीत आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्याचे घड्याळ पुढे करण्याचा मनोदय जाहीर केला. पुढे काही घडले नाही. २०१७ मध्ये गौहाटी उच्च न्यायालयाने या मागणीची याचिका फेटाळली.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही. देशाची प्रमाणवेळ राखणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दोन वेळा असाव्यात असे सुचवले. आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्यामधल्या चिंचोळ्या सरहद्दीवर रेषा आखायची आणि पलीकडे घड्याळ एक तास पुढे न्यायचे. वर्षाला दोन कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा अंदाज. त्याआधी बंगळूरच्या दोन अभ्यासकांनी दुसरा उपाय मांडला होता: सगळ्या देशाचेच घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करा, वर्षाला सुमारे २७० कोटी युनिट वाचतील. पण मग मुंबई-अहमदाबादच्या शाळकरी मुलांना डिसेंबरात काळोखात बाहेर पडावे लागेल. दोन वेळांना विरोध करणारे रेल्वेकडे बोट दाखवतात. रेषेवर रोज शेकडो माणसांनी घड्याळे बदलायची आणि एखाद्या स्टेशनात कोणी चुकले तर काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

युरोप-अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ पुढे आणि शरदात मागे करतात. तिथलेही लोक या खेळाला कंटाळले आहेत. युरोपच्या संसदेने २०१९ साली तो बंद करण्याच्या बाजूने मत दिले, तरी तो अजून चालूच आहे. आपणही घड्याळ पुढे केलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सारा हिंदुस्थान एक तास पुढे चालत होता.

आणि मुंबईकरांनी आसामला नावे ठेवू नयेत. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे न्यायचे होते. गिरणी कामगार चिडले, कारण भोंगा तेवढा लवकर होणार होता. नगरपालिकेने 'मुंबई टाइम'च धरून ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत. कलकत्त्याची स्वतःची वेळही १९४८ पर्यंत टिकली. मुंबईच्या कामगाराला घड्याळ पुढे नको होते, आसामच्या बाईला ते पुढेच हवे आहे. दोघांचेही भांडण पहाटेची झोप आणि संध्याकाळचा उजेड यांच्यासाठीच. मला विचाराल तर विजेच्या युनिटांपेक्षा हा हिशेब आधी मांडायला हवा, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची ती रेषा एकदा आखून पाहायला हरकत नाही. नऊची शाळा तासभर आधी भरली, तर त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या सकाळीतला एक तास कमी होईल.

१९५१ च्या मळे कामगार कायद्यात अशा भागांसाठी स्थानिक वेळ ठरवण्याची सोय होती. आता मात्र वारे उलट्या दिशेने वाहते आहे. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात कायदेशीर, व्यापारी आणि सरकारी कामांसाठी भारतीय प्रमाणवेळच सक्तीची करण्याचा विचार आहे. मळ्याच्या व्यवस्थापकांना मी यावर विचारले. त्यांनी खांदे उडवले. "नियम कागदावर येईल. सूर्य कुठे कागद वाचतो? आमचा चौकीदार ठोके देणारच."

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मार्च हे दिवस उत्तम. पण खुडणी पाहायची असेल तर नोव्हेंबर संपण्याआधी जा, पुढे झुडपे छाटायला घेतात. गुवाहाटीहून जोरहाटला रेल्वे आहे, विमानही उतरते. १९११ पासून चालू असलेली टोकलाईची चहा संशोधन संस्था जोरहाटलाच आहे. निमाती घाटावरून बोटीने माजुलीला जरूर जा, मात्र परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ घाटावर उतरतानाच विचारून ठेवा. शिवसागरचे रंगघर सकाळीच पाहून घ्या. संध्याकाळचे कार्यक्रम आखूच नका. आणि सामानात एक चांगली बॅटरी असू द्या, साडेचारनंतर लागते.