शिक्का, मोर्तब आणि साखळी

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आता केवळ वाक्प्रचार म्हणून वापरतो. शिवकालीन कागदांत मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिक्का पत्राच्या माथ्यावर असे. पत्र कोणाचे हे तो सांगे. मोर्तब मजकूर संपताच उमटे. त्यापुढे कोणास काही घुसडता येऊ नये, हा त्याचा हेतू. लांब कागदांच्या जोडांवर मागील बाजूसही शिक्के आढळतात. पत्र दफ्तरी नोंदले गेल्याची खूण वेगळीच. त्या व्यवहारातला 'बारनिशी' हा शब्द आपल्या सरकारी कार्यालयांत आवक-जावक नोंदीसाठी आजही जिवंत आहे. कागद कोणाचा, तो अक्षत आहे काय आणि तो केव्हा निघाला, या तीन प्रश्नांची अशी तीन निराळी उत्तरे योजिलेली होती.

डिजिटल स्वाक्षरी केलेल्या दस्तऐवजांची ब्लॉकचेनवरील नोंदींवरून पडताळणी करण्याविषयी आम्ही वाचू लागलो, तेव्हा हेच तीन प्रश्न पुन्हा भेटले. पाठचिकित्सा शिकवण्यात बरीच वर्षे घालविल्यामुळे ते आम्हांला परके वाटले नाहीत.

आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने मान्यता दिली. अशा स्वाक्षरीने पहिले दोन प्रश्न बव्हंशी सुटतात; अडचण तिसऱ्यापाशी येते. स्वाक्षरीमागचे प्रमाणपत्र सामान्यतः एक ते तीन वर्षांत संपते, आणि पदवीपत्र तर चाळीस वर्षांनीही दाखवावे लागते. स्वाक्षरी झाली तेव्हा प्रमाणपत्र जिवंत होते, हे मग कोणी सांगावे?

या प्रश्नाचे मूळ उत्तर बिटकॉइनहून जुने आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली ते मांडले. दस्तऐवज कोणाच्या स्वाधीन करावयाचा नाही. गणिताने त्याचा एक छोटा ठसा, म्हणजे हॅश, काढावयाचा आणि तो आधीच्या ठशांशी गुंफावयाचा. मधली एक कडी बदलली की पुढची सारी साखळी विसंगत ठरते. त्यांच्या विचारातून निघालेल्या शुअरटी या कंपनीने १९९५ पासून असा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापण्यास आरंभ केला. घरोघरी आणि ग्रंथालयोग्रंथालयी गेलेला अंक मागाहून कोण बदलणार? २००८ च्या बिटकॉइनविषयक लेखातील आठ संदर्भांपैकी तीन या जोडीचे आहेत. वृत्तपत्राच्या जागी शेकडो संगणकांवर ठेवलेली सामाईक वही आली, एवढाच फरक. जोडावरच्या शिक्क्याचे आणि बारनिशीचे काम ती एकदमच करते.

मात्र या वहीची 'अक्षत' ही कल्पना वाचकाच्या कल्पनेहून फार कठोर आहे. आम्ही 'तऱ्हा' हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहून पाहिला: एकदा स्वतंत्र 'ऱ' घेऊन, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. शा-२५६ या रीतीने काढलेले चौसष्ट अक्षरांचे ठसे मात्र पूर्णतः भिन्न. पाठभेद नसताना यंत्राला पाठभेद दिसला. उलट, स्वाक्षरीची हिरवी खूण असलेला कागद छापून आणला की ती खूण निव्वळ चित्र होते, आणि पुष्कळांचे समाधान त्या चित्रावरच होते. एका विद्यार्थिनीची गुणपत्रिका एका संस्थेत अशीच छापील प्रत पाहून स्वीकारली गेली. मूळ फाइल कोणी मागितलीच नाही.

याहून गंभीर गोष्ट २०२२ च्या एका योजनेत दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचे तेव्हा जाहीर झाले. दाखला बनावट नाही, एवढे अशा नोंदीने निश्चित सिद्ध होईल, आणि बनावट दाखल्यांनी ज्यांच्या हक्काच्या जागा जातात त्यांच्यासाठी हे थोडे नव्हे. पण जात पडताळणीत आजोबा-पणजोबांच्या शाळेचे वा महसुली दफ्तरातले जुने कागद मांडावे लागतात. ज्या घरात कोणी शाळेत गेलेच नाही, तेथे साखळीची पहिली कडी कोठून आणावी? आणि मूळ नोंदीत कारकुनाने आडनाव चुकविले असेल, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपील.

पोथी अक्षत असणे आणि पोथीतले खरे असणे, यांतला भेद आपण वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतो. बहिरंग परीक्षण येथून पुढे यंत्राने खुशाल करावे. ते आपल्यापेक्षा चोख करील. अंतरंग परीक्षण मात्र माणसालाच करावे लागेल, आणि ज्याच्यापाशी कागदच नाही त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागेल.