शिव्यांचा धनी

आपल्या भाषेने फुटबॉलच्या रेफरीला 'पंच' हा शब्द सहज देऊन टाकला. परंतु त्या शब्दात पाच माणसे बसलेली आहेत, हे देताना तिच्या ध्यानात राहिले नसावे. गावच्या चावडीवर पाच जण बसत. एकाची नजरचूक दुसरा सावरी, एकाचा लोभ दुसरा आवरी, आणि एवढे करूनही कौल चुकलाच तर त्याचा दोष पाचांत वाटला जाई. 'पाचामुखी परमेश्वर' हे वचन या वाटपातूनच जन्मले असावे, असा आमचा तर्क आहे. मैदानावरचा पंच मात्र एकटा. त्याच्या मुखी परमेश्वर वसतो, हे त्याच्या मातोश्रींनाही कोणी पटवू शकणार नाही. त्यांचा उल्लेख प्रेक्षकांत वारंवार होतो, तो निराळ्या संदर्भात.

या खेळाचा आरंभ असा नव्हता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात प्रत्येक संघ आपापला एक पंच घेऊन येई. या दोघांचे एकमत झाले नाही, तर वाद मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे सोपविला जाई. 'रेफरी' या इंग्रजी शब्दाच्या पोटात हे सोपविणेच आहे. १८९१ साली हा तिसरा गृहस्थ मैदानात आला आणि ते दोघे निशाणे घेऊन कडेच्या रेषांवर गेले. तोवर तो विचारल्यावर उत्तर देत होता. त्यानंतर कोणी न विचारताच, आणि तेही तत्क्षणी, उत्तर देणे त्याच्या नशिबी आले.

फुटबॉलचे नियम अवघे सतरा. त्यांतील पाचवा सांगतो, की खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम; गोल झाला की नाही, हेही त्यातच आले. नियम वाचताना वाटते, केवढी ही सत्ता! मग बारावा नियम वाचावा. प्रतिस्पर्ध्याला अडविणारा खेळाडू निष्काळजी असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वा असेल तर पिवळे कार्ड, त्याने अतिरेकी बळ वापरले असेल तर तांबडे. निष्काळजीपणा कोठे संपतो आणि बेपर्वाई कोठे सुरू होते, हे कोणत्या फूटपट्टीने मोजावे? ते मोजायचे धावता धावता, धापा टाकीत, आणि दोन खेळाडूंच्या पायांमधून जेवढे दिसेल तेवढ्यावरून.

आणि दिसते तरी किती? नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली ऑफसाइडच्या चुकांचा अभ्यास केला. रेषेवरील सहायक शेवटच्या बचावपटूच्या नेमका समांतर क्वचितच असतो. तो थोडासा पुढे किंवा मागे असला, की नुसत्या कोनामुळे त्याला पुढचा माणूस मागे आणि मागचा पुढे दिसतो, असे त्यांना आढळले. चूक डोळ्यांची नव्हती, लबाडीची तर नव्हतीच. ती उभे राहण्याच्या जागेची होती. इंग्लंडात दुसरा एक प्रयोग झाला, त्याची हकिकत २००२ साली प्रसिद्ध झाली. चाळीस प्रशिक्षित पंचांना एका सामन्यातील सत्तेचाळीस प्रसंग चित्रफितीवर दाखविले. काहींना प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यासह, काहींना मूकपणे. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. बंद खोलीत, आपल्याला कोणी धक्काबुक्की करणार नाही अशी खात्री असतानाही कान डोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करीत होते. हे वाचले तेव्हा आम्हांला बरे वाटले आणि वाईटही वाटले. का, ते पुढे येईलच.

२२ जून १९८६ ही तारीख फुटबॉलप्रेमींस सांगावयास नको. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक, अर्जेंटिना आणि इंग्लंड, आणि उत्तरार्धाच्या प्रारंभीच मॅराडोनाने हाताने केलेला तो गोल. त्या हाताविषयी इतके लिहिले गेले आहे, की आणखी एका वाक्याचीही गरज नाही. आम्हांला आठवण होते ती तेथे उभ्या असलेल्या दोन पंचांची. ट्युनिशियाचे अली बिन नासर शिट्टी घेऊन मैदानात होते. बल्गेरियाचे बोगदान डोचेव निशाण घेऊन रेषेवर. बिन नासर यांनी पुढे सांगितले, की आपल्याला शंका होती, म्हणून आपण डोचेव यांच्याकडे पाहिले. ते मध्यरेषेकडे धावत निघाले होते, अर्थात त्यांच्या लेखी गोल झाला होता. अधिक चांगल्या जागी असलेल्या सहकाऱ्यावर विश्वास ठेवा, अशी सूचनाच होती. डोचेव यांचे म्हणणे असे, की रेषेवरच्या माणसाने मुख्य पंचाशी चर्चा करण्याची तेव्हा मुभाच नव्हती. मुख्य पंचाने गोल दिला, संपले. म्हणजे एक जण दुसऱ्याच्या निशाणाची वाट पाहत होता आणि दुसरा पहिल्याच्या शिट्टीची. दोन माणसे, चार डोळे, आणि त्या फटीतून एक हात निसटून गेला.

पुढचे सारे दैवाच्या खेळासारखे आहे. २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात बिन नासर यांच्या घरी गेला आणि त्याने त्यांना आपली सही केलेला अंगरखा भेट दिला. त्या सामन्यातील चेंडू बिन नासर यांच्याकडेच होता. २०२२ च्या नोव्हेंबरात लिलावात त्याला सुमारे वीस लाख पौंड आले. डोचेव मात्र २०१७ साली वारले, ते या माणसाने आपले आयुष्य उद्ध्वस्त केले अशी तक्रार मागे ठेवून. चूक एकच होती. तिचे पारितोषिक एकाला आणि शिक्षा दुसऱ्याला.

याच सामन्यातील दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चारच मिनिटांनी मॅराडोनाने अर्ध्या मैदानापासून चेंडू नेऊन जो अद्वितीय गोल केला, त्या धावेत इंग्लंडचे खेळाडू त्याला पाडू पाहत होते. बिन नासर शिट्टी तोंडाशी धरून मागे धावत होते. परंतु खेळ थांबविला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच नुकसान होईल, असे जाणून त्यांनी ती वाजविली नाही. वाजविली असती तर नियमाला धरून झाले असते, कोणी हरकत घेतली नसती, आणि जगाने तो गोल पाहिला नसता. पंचाची उत्तम कामगिरी अशी न वाजलेल्या शिट्टीत असते. तिचे छायाचित्र निघत नाही.

आता आमची स्वतःची हकिकत. १९८४ च्या डिसेंबरात फोंडा तालुक्यातील आमच्या गावी, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, दोन वाड्यांमधला अंतिम सामना होता. आम्ही शाळेत गणित शिकवीत होतो आणि त्यामुळे निःपक्षपाती आहोत, असा गावाचा समज होता. नियमांची पुस्तिका आम्ही पाठ केली होती. धावण्याचा सराव तेवढा केला नव्हता. गोलाला बांबूचे खांब, आडवा बांबू, जाळी नाही. चुन्याच्या रेषा मध्यंतरापर्यंतच पुसून गेलेल्या. एका वाड्याचा गोलरक्षक आमचाच अकरावीतला विद्यार्थी होता. त्या दिवशी मडगावच्या एका क्लबचे गृहस्थ केवळ त्याला पाहण्यासाठी आले होते.

सामना संपायला पाच मिनिटे असताना दुसऱ्या टोकाकडून लांब चेंडू आला, कोणीतरी तो पडता पडताच मारला. आडव्या बांबूच्या खालच्या अंगाला लागून तो खाली आपटला आणि बाहेर आला. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा चेंडू असाच आपटला होता. तेथे निदान रेषेवर तोफिक बहरामोव होते, आणि पुढे त्यांचे नाव बाकूच्या मैदानाला दिले गेले. आमच्या रेषेवर ज्याला निशाण दिले होते तो तरुण त्या घटकेला पायातील चप्पल शोधीत होता. आम्ही कोठे होतो? खरे सांगायचे तर मध्यरेषेच्या अलीकडे, कमरेवर हात ठेवून. आम्ही पाहिले ते एवढेच : मारणाऱ्याने दोन्ही हात वर केले, त्या बाजूच्या बांधावरचा जमाव एकदम उठला, आणि एक प्रचंड आरोळी झाली. आम्ही शिट्टी वाजविली आणि मध्याकडे बोट केले.

तो मुलगा धावत आला. "सर, भितर वचूंक ना!" तो म्हणाला. मग त्याने आमचे मनगट धरले आणि विचारले, "तुमी पळयलें?"

"होय, पाहिले," आम्ही म्हणालो, आणि पंचाच्या अंगाला हात लावला म्हणून त्याला मैदानाबाहेर काढले.

नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मडगावचे गृहस्थ शेवटच्या शिट्टीपूर्वीच निघून गेले. एका संध्याकाळमुळे कोणाचे आयुष्य बदलते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. त्याच्या वडिलांना दुकानात माणूस हवाच होता. परंतु तो पुढे कोठल्याही क्लबकडून खेळला नाही, एवढे खरे. महिनाभर त्या वाड्यावरून जाताना पाठीमागून आम्हांला जे ऐकू येई, ते आम्ही मुकाट्याने ऐकले. गोल दिल्याबद्दल शिव्या खाण्यास आमची ना नव्हती. तो चेंडू आत गेलाही असेल. निम्मे गाव आजही तसे म्हणते. टोचत राहिले ते 'होय, पाहिले' हे दोन शब्द. त्यांबद्दल आम्हांला कोणी शिवी दिली नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते.

विद्यार्थी आणि आम्ही यांत अबोला कधी झाला नाही. दुकान त्याने वाढविले, मुलांची लग्ने झाली, आम्ही निवृत्त झालो, आणि दूरदर्शन संचावरचे मोठे सामने त्याच्या घरी बसून पाहण्याचा परिपाठ पडला. लँपर्डचा चेंडू २०१० साली ब्लूमफाँटेनला रेषेच्या चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही, तो आम्ही तेथेच पाहिला. दोनच वर्षांनी गोलरेषेवरील यंत्रणेला मान्यता मिळाली. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफीत पाहून निर्णय तपासणारी व्हीएआर आली. आता वाद मिटणार, असे पुष्कळांना वाटले. परंतु ती यंत्रणा हस्तक्षेप करते तो चूक 'स्पष्ट आणि उघड' असली तरच. आणि कोणती चूक स्पष्ट, हे ठरविण्यास पुन्हा माणूसच बसतो. शिव्यांना आणखी एक पत्ता मिळाला, इतकेच.

३ मार्च २०२३ च्या रात्री आम्ही असेच बसलो होतो. बंगळुरूला इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, अतिरिक्त वेळ, आणि सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची बचावाची भिंत लागण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. पंच क्रिस्टल जॉन यांनी तो ग्राह्य धरला. भिंत दहा यार्ड मागे सरकविण्याचे काम पंचाने हाती घेतले असेल, तर शिट्टीपर्यंत थांबावे लागते. घेतले नसेल, तर चेंडू तत्काळ मारता येतो. सारा वाद त्या दोन-चार क्षणांत पंचाने काय सूचित केले, यावर होता. केरळच्या प्रशिक्षकाने संघ मैदानाबाहेर नेला आणि सामना बंगळुरूला बहाल झाला; पुढे क्लबला चार कोटींचा दंड झाला. आमचा यजमान संतापून पंचाला नाही नाही ते बोलला. आम्ही पंचाची बाजू घेतली. कोन सांगितला, कोलाहल सांगितला, पाचवा नियम सांगितला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही पंचांचे वकीलपत्र बरे घेता!"

अंतिम सामना १८ मार्चला आमच्या फातोर्ड्यालाच होता, म्हणून दोघे गेलो. सामना संपायला थोडा वेळ उरला असता मोहन बागानला पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली, आणि शेवटी टायब्रेकरवर बंगळुरू हरले. पंधरा दिवसांपूर्वी पंचाच्या निर्णयावर तरून गेलेल्या त्याच क्लबच्या मालकांनी आता व्हीएआर आणा, अशी जाहीर मागणी केली. आम्हांला हसू आले. परततीच्या वाटेवर गाडीत हेच बोलणे चालले होते. पुढे बोलणे थांबले. बोरीचा पूल आला. काळोखात खाली जुवारी दिसत नव्हती.

"तुला एक सांगायचे आहे," आम्ही म्हणालो. "त्या दिवशी आम्ही चेंडू पाहिला नव्हता."

त्याने कोणता दिवस, असे विचारले नाही. "ठाऊक आहे, सर," तो म्हणाला. "चेंडू मारला तेव्हा तुम्ही मध्यरेषेच्या पलीकडे होता. गोलात उभ्या असणाऱ्याला सगळे मैदान समोर दिसते."

एवढी वर्षे त्याला हे ठाऊक होते. आम्हांला काही सुचेना. अखेर विचारले, "आणि चेंडू? तो आत पडला होता की बाहेर?"

"मी वर उडी मारली होती," तो म्हणाला. "तो माझ्या पाठीमागे पडला. मी कुठे पाहिला?"

पूल संपला होता. बोरीचा चढ लागला, तशी त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली.