आले, पाहिले, परत फिरले

आमच्या घरी पाहुणे मोजायचे ते पानांवर. मोठ्या वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "भाऊजी, किती पानं?" मी ओसरीवरून बोटं दाखवायचो आणि तेवढ्या भाकऱ्या तव्यावर पडायच्या. पिंपळवंडीत आमच्या तीन पिढ्यांना एवढं गणित पुरलं. ते अपुरं आहे, हे मला सत्तराव्या वर्षी पुतण्यानं शिकवलं.

झालं असं, की 2018 साली आमचा जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आणि 2020 साली सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर असे मातब्बर शेजारी असताना आपण नुसती द्राक्षंच का विकायची, असं पुतण्याच्या मनानं घेतलं. त्यानं कर्ज काढून मळ्यात दोन खोल्या बांधल्या. वर एक वेबसाइटही बांधली. मजकूर लिहायचं काम निवृत्त शिक्षक म्हणून माझ्याकडे आलं. मास्तरच्या हाती खडू दिला की फळा भरेपर्यंत तो थांबत नाही. मी थेट सातवाहनांपासून सुरुवात केली.

महिन्यानं पहिला रिपोर्ट आला. त्यात ठळक आकडा होता तेराशे! मी तडक माळ्यावरच्या सतरंज्या मोजायला निघालो.

"काका, थांबा! ही माणसं नाहीत, पानं आहेत. एकानं सहा पानं उघडली की सहा."

म्हणजे पानं मांडली तेराशे, आणि जेवायला दोनशे दहा! बरं, तेही सगळे वेगळे नव्हेत. एखाद्या गृहस्थानं दुपारी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर आणि रात्री फोनवर आमचा मळा पाहिला, तर रिपोर्टाच्या लेखी बहुधा दोन माणसं. काहीजण अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावचे होते. सातवाहनांची कीर्ती अटलांटिकपार गेली म्हणून मी सौ.ला शिरा करायला सांगितला. पुतण्या म्हणाला, त्या गावात कॉम्प्युटरांची प्रचंड कोठारं आहेत. ही बहुतेक यंत्रंच फिरून गेली असणार. शिरा आम्हीच खाल्ला. उरलेल्यांतला सर्वांत इमानी वाचक मीच निघालो. रोज सकाळी पूजा आटोपून मी स्वतःचा मजकूर वाचत होतो. पुतण्यानं घरच्या वायफायवरून येणाऱ्यांना मोजणीतूनच काढून टाकलं. "घरच्यांना धरत नाहीत, काका."

खरं दुखणं पुढं होतं. शंभरातले सत्तर जण दहा सेकंदसुद्धा न थांबता, दुसरं पान न उघडता, उंबरठ्यावरूनच परत फिरले होते. कितीतरी जण "पिंपळवंडी बिबट्या" असं शोधत आलेले. त्यांना हवी होती बातमी, समोर आली द्राक्षं. आणि माझं इतिहासाचं पान? सरासरी सात सेकंद! एवढ्या वेळात गौतमीपुत्र सातकर्णी हे नावसुद्धा धड म्हणून होत नाही.

आमच्या नाणेघाटात एक दगडी रांजण आहे. जुन्या काळी व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. पण रांजणाला कळणार ते घाट चढून आलेल्यांचं. जो निम्म्या वाटेवरून बैल वळवून माघारी गेला, त्याचं नाणं पडत नाही. हा रिपोर्ट नेमकी त्या माघारी गेलेल्यांचीही नोंद ठेवत होता. फक्त ते का वळले, एवढं सांगत नव्हता. इकडे बँकेचा हप्ता मात्र कारण न विचारता येत होता.

पुतण्याची सगळी आशा एका पाहुण्यावर होती. हा मुंबईचा. रोज रात्री नऊच्या सुमाराला यायचा, 'आमची बाग' एवढं एकच पान उघडायचा आणि दहा-दहा मिनिटं बसायचा. त्या पानावर होता काय, तर दादांचा एक फोटो. डोक्याला टोपी, हातात छाटणीची कात्री, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेला चेहरा. दादांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"एवढं बघतोय म्हणजे येणार," पुतण्या म्हणायचा. महिना गेला, फोन आला नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "हे पानच काढून टाकतो. इथून कुणीच बुकिंगकडे जात नाही."

वहिनी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते पान राहू दे. फोन नंबर वर घे आधी. पार तळाशी आहे, भाऊजींच्या सातवाहनांखाली. आणि राहायचे पैसे किती, ते कुठंच नाही. माणूस आधी तेच बघणार ना?"

"आई, तुला गं काय माहीत?"

लसणाच्या पाकळ्या भराभर सुटायला लागल्या. मग हळूहळू उलगडलं. वहिनींच्या खोलीत वायफाय पोचत नाही. तिथं फोन त्याच्या स्वतःच्या डाटावर चालतो. आणि फोनचं जाळं ज्या गावी इंटरनेटला जाऊन मिळतं, बरेचदा त्याच गावचं नाव रिपोर्टात लागतं. आमच्या घरातली माजघराची खोली मुंबईत होती!

बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन नंबर वर गेला. भाडं, नारायणगावहून यायची वाट आणि "अंधार पडल्यावर एकट्यानं मळ्यात फिरू नये" ही सूचनाही लागली. सातवाहन परसदारी गेले; माझी तक्रार नाही. पुढच्या रिपोर्टात परत फिरणारे कमी झाले, आणि एका रविवारी दोन्ही खोल्या भरल्या. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, किती पानं?" मी दोन्ही हातांची बोटं दाखवली.

दादांचं पान जागच्या जागी आहे. रात्री नऊला मुंबईचा पाहुणा येतो, दहा मिनिटं बसतो आणि जातो. पुतण्यानं त्याला मोजणीतून काढलेलं नाही.