विक्रांतचा बॉयलर

दर ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, आमच्या फॅमिली ग्रुपवर कराची जळतानाचा तोच तो मेसेज येतो. ह्यावेळी ठरवलं, नुसतं पुढे ढकलण्यापेक्षा एकदा नीट वाचूया तरी. दोन वीकेंड त्यात गेले, आणि भलत्याच गोष्टीत अडकलो.

कराचीची गोष्ट भारी आहेच, वाद नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर ह्या तीन मिसाईल बोटींनी पाकिस्तानची 'खैबर' विनाशिका, 'मुहाफिझ' हे सुरुंग काढणारं जहाज आणि 'व्हीनस चॅलेंजर' नावाचं मालवाहू जहाज बुडवलं. आपली एकही बोट गेली नाही. मजा म्हणजे रशियाकडून घेतलेल्या ह्या बोटी मुळात आपल्याच किनाऱ्याच्या राखणीसाठी होत्या. वेग भन्नाट, पण पल्ला तुटपुंजा. मग मोठ्या जहाजामागे बांधून त्यांना लांबपर्यंत ओढत न्यायचा सराव करून ठेवला होता. आमच्या भाषेत ह्याला जुगाड म्हणतात, आणि तो चालला की आर्किटेक्चर म्हणतात!

पण मी अडकलो तो विक्रांतच्या बॉयलरपाशी. ही बोट ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली, 'हर्क्युलिस' ह्या नावाने. अर्धवट राहिली, १९५७ मध्ये आपण ती विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती विक्रांत झाली. १९६५ च्या युद्धात ती मुंबईत दुरुस्तीला होती, त्याची बोचणी नौदलाला बरीच लागली असणार. आणि १९७० मध्ये बघतात तर बॉयलरच्या वॉटर ड्रमना तडे! तेही वेल्डिंगने भरून न येणारे. नवे ड्रम ब्रिटनहून मागवले, आणि तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम निघाला. इकडे पूर्व पाकिस्तानात काय चाललंय ते दिसत होतं. शेवटी १९७१ च्या मार्चमध्ये नव्या ड्रमची वाट न बघता कमी दाबावर बॉयलर पेटवले. एरवी २४ नॉट्सने पळणारं जहाज चाचण्यांनंतर १४ नॉट्सवर आणून ठेवलं.

आता विमानवाहू जहाजाचा वेग हा नुसता पोचण्याचा प्रश्न नसतो बरं का. समोरून वारा मिळाला तर विमान उडतं, आणि वारा नसेल तर जहाजालाच पळून तो तयार करावा लागतो. म्हणजे तडा बॉयलरमध्ये, पण त्रास वर डेकवरच्या पायलटला. तरीही तिला बंगालच्या उपसागरात नेली, आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव ही बंदरं झोडपली. तिच्या मागावर निघालेली 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमसमोर बुडाली. आपण म्हणतो राजपूत जहाजाने बुडवली, ते म्हणतात अपघात झाला. असो.

धोका पत्करला आणि निभावला, असं म्हणून मी पुस्तक मिटणार होतो. पण मग खुकरी येते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' पाणबुडीच्या टॉर्पेडोने खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे आपण सगळे जाणतो. कमी सांगितलं जातं ते हे, की खुकरीवर तेव्हा सोनारची क्षमता वाढवायचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी जहाज सावकाश चालत होतं. पाणबुडी शोधायला निघालेलं जहाज, पाणबुडीच्याच टप्प्यात सावकाश! म्हणजे धोका इथेही विचार करूनच घेतला होता. एक निभावला, एक नाही. आपल्या मेसेजमध्ये मात्र पहिलाच असतो.

हे सगळं मला टोचलं त्याला कारण आहे. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते सलाईनमधून औषध देणाऱ्या पंपाचं आहे. रिलीजच्या आधी 'नोन इश्यूज'ची यादी होते आणि प्रत्येक ओळीपुढे कोणीतरी 'रिस्क स्वीकारली' असं लिहून सही करतं. सध्याच्या यादीतल्या एका ओळीपुढे माझं नाव आहे. सही अजून केलेली नाही.

आमचे थोरले काका नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. १९७१ मध्ये ते नुकतेच चिकटले होते. ते कराचीबद्दल कधी बोलत नाहीत, पंपाच्या सीलबद्दल तासभर बोलतील. त्यांना फोन करून विक्रांतचं विचारलं, आणि ओघात माझंही सांगितलं. म्हटलं, बघा, तेव्हाही तडा असतानाच बोट सोडली ना?

"सोडली," काका म्हणाले. "लढाई लागणार होती म्हणून सोडली. तुमची कुठली लढाई लागल्ये?"

मी म्हटलं, तिमाही संपत्ये. ते हसले नाहीत. म्हणाले, "शांततेत माणसं मरतात तेव्हा नौबत वाजत नाही, एवढाच फरक." मग २०१३ चं काढलं. १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ जण आत गेले. समोर शत्रू नाही, युद्ध नाही. काका तेव्हा रिटायर झाले होते, पण दोन दिवस टीव्हीसमोरून हलले नव्हते, हे मला शाळेतलं आठवतंय.

खरं तर नौदलाची बहुतेक वर्षं अशीच जातात, लढाईविना. समुद्राचे नकाशे करा, गस्त घाला, बोटी गोदीत घेऊन खरवडा, रंगवा. २००४ च्या त्सुनामीत श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियापर्यंत मदत घेऊन जहाजं गेली. २०१५ मध्ये येमेनमधून माणसं आणताना सुमित्रा, मुंबई आणि तरकश धावल्या. ऐन वेळी ती निघू शकली, कारण मधल्या काळात कोणीतरी कंटाळवाणी चेकलिस्ट न कंटाळता भरली होती.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचं भंगार झालं. मी लहानपणी ती आतून पाहिली होती, पण तेव्हा सगळा जीव विमानांत. बॉयलर रूम दाखवायचे का, तेही आठवत नाही.

सोमवारी मीटिंग आहे. त्या ओळीपुढे मी सहीऐवजी एक प्रश्न लिहून पाठवलाय: किती दिवसांसाठी?