मढ्यावरचं कापड

भुसावळची पौषातली थंडी. तापीवरचं वारं हाडात शिरायचं. आजीची गोधडी मढ्यावरच्या कापडांची. गावकीत तेच वाट्याला आलेलं. मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्यांचेच कपडे नेमून दिले. आजीनं मनू वाचला नव्हता, पांघरला होता.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती मनुस्मृती जळाली. तिथंच बाबासाहेबांनी आयाबायांना सांगितलं, जातीची खूण दाखवणारं नेसणं टाका.

पहिल्या पगारात मी नवा लोकरी कोट शिवून घेतला. नाक्यावर एकजण म्हणाला, "काय रे, सायेब झाला का?" मी गुंड्या लावल्या नि चालू लागलो. घरी कोट आजीच्या अंगावर घातला. तिनं हुंगला.

"पोरा, याले मढ्याचा वास नाही."

दोस्तहो, त्या रात्री गोधडी शेकोटीत गेली. आजीनंच टाकली.