माय म्हणाली, वायसर उलटं आहे

गाड्या उचलायचं कसलंही लोखंड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हा आमच्या मायचा दंडक होता. फाटकी सायकल आणा, जुनी पुस्तकं आणा, ती काही बोलायची नाही. पण जॅक म्हटला की तिचा आवाज बदलायचा.

त्याला कारण होतं. आमचे दादा, म्हणजे वडील, मालट्रकवर क्लीनर होते. एका रात्री रस्त्यात गाडीचा पाटा तुटला. जॅक लावून दादा खाली शिरले. जॅक जागेवरच हळूहळू बसत गेला आणि अंधारात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दादांचा उजवा पाय दबला. जीव वाचला, पण शेवटपर्यंत ते लंगडतच चालले. मालकानं दवाखान्याचा निम्मा खर्च दिला आणि दुसरा क्लीनर ठेवला.

आम्ही दोघे भाऊ. थोरला मजुरीवर, तर धाकट्यानं वालूरच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान टाकलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, रिक्षा, कधी एखादी जीप. गाडी उचलायला जॅक दुसऱ्याकडून मागून आणायचा. मागून आणलेल्या वस्तूचं काय असतं ते वाचकांना सांगायला नको. ज्या दिवशी आपलं गिऱ्हाईक, त्याच दिवशी त्यालाही नेमका जॅक लागतो. नव्या ट्रॉली जॅकचा भाव ऐकून आम्ही दुकानाच्या पायरीवरूनच परतलो होतो. मग सेलूला भंगारात एक सापडला. चाकांचा, लांब दांड्याचा, तीन टनाचा. भंगारवाल्यानं वजनावर दिला, 30 किलोचे 1,050 रुपये. दांडा मारला की वर येई आणि हात काढला की दमलेल्या म्हशीसारखा खाली बसे.

माय ओट्यावरच उभी राहिली. "काय आनलंव रे हे? बापाचा पाय इसरलाव का?"

आम्ही गप्प. शेवटी धाकटा म्हणाला, "माय, तो जॅक कामून बसला ते आजवर कुणी पाह्यलं का? आपण उघडून पाहू. नाही जमलं तर परत भंगारात."

त्यावर ती काही बोलली नाही. पण जॅक घरात नाही, अंगणातच राहील, एवढं मात्र ठरवून टाकलं.

दर पौर्णिमेला विहारात आपण धम्मवंदना म्हणतो. तिच्यात 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ भन्तेजींनी आम्हाला लहानपणीच सांगितला होता. शब्द पाठ होता, पण लोखंडाच्या बाबतीत तो कधी वापरला नव्हता.

रविवारी काम काढलं. आधी परतीच्या स्प्रिंगा काढल्या. त्या ताणलेल्या असतात आणि निसटल्या तर डोळा जातो, म्हणून फडकं गुंडाळून काढल्या. मग पिना, मग आतला पंपाचा गठ्ठा. थोरल्याची पोरगी दहावीला आहे. तिनं जुन्या पेपरावर सगळे भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडले आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढून नंबर टाकले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला सुचलंही नव्हतं. रिलीज व्हॉल्व्हचा स्क्रू हातात घेऊन तिनं त्याचे आटे पाहिले. "काका, ही तर आपल्या बारवेसारखी. गोल गोल खाली." वालूरची चक्राकार बारव पाहायला लांबून माणसं येतात. तिच्या पायऱ्या खरंच अशा वळत खाली उतरतात. (मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत विहिरीच्या पायऱ्या आपल्या आज्या-पणज्यांसाठी नव्हत्या, वरून कुणी पाणी वाढेल तेव्हाच घागर भरायची. पोरीला मात्र बारव म्हटलं की आटे आठवतात. बरंच झालं म्हणायचं.)

आतलं यंत्र उघडं पडलं तेव्हा आश्चर्य वाटलं ते त्याच्या साधेपणाचं. एक छोटा पिस्टन, एक मोठा, भोवती तेलाची टाकी आणि पोलादी गोळ्या. दांडा वर घेतला की छोटा पिस्टन टाकीतलं तेल ओढतो. खाली दाबला की पहिली गोळी टाकीची वाट बंद करते, दुसरी उघडते आणि तेल मोठ्या पिस्टनखाली शिरतं. दांडा परत वर जाताना दुसरी गोळी बंद होते, म्हणून तेल मागं येत नाही. उतरवायचं असलं की रिलीज व्हॉल्व्ह ढिला करायचा, तेल टाकीत परत जातं.

पोरीला शाळेत पास्कलचा नियम होता. पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्यानं सांगितलं. तिनं मापं घेऊन हिशेब मांडला. छोटा पिस्टन 12 मिलिमीटर, मोठा 36. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. छोट्यावर 100 किलोचा जोर पडला तर मोठ्यावर 900 किलोचा. शिवाय दांड्याची तरफ वेगळीच. "पण काका, फुकट नाही हं. छोटा 18 मिलिमीटर गेला तर मोठा दोनच सरकतो." म्हणूनच दांडा मारून मारून खांदे भरून येतात.

आता बसतो का, ते पाहायचं होतं. उचललेला जॅक आपोआप बसत असेल तर तीन जागा तपासायच्या. मोठ्या पिस्टनचं सील, दुसऱ्या गोळीची बैठक आणि रिलीज व्हॉल्व्हची बैठक. आमच्या जॅकमध्ये तिन्ही बिघडलेल्या होत्या. तळाशी काळा गाळ होता आणि गोळ्यांखाली लोखंडाचा कीस अडकला होता. सील तर हाताला मऊ लागत होतं, भिजल्या भाकरीसारखं. आधीच्या मालकानं त्यात ब्रेक ऑईल ओतलं असणार. पुष्कळ लोक ओततात, तेल ते तेल समजून. जॅकला हायड्रॉलिक ऑईल लागतं. ब्रेक ऑईलची जात वेगळी, त्यानं जॅकची रबरं फुगतात आणि सडतात.

भाग डिझेलमध्ये धुतले, सुती कपड्यानं पुसले. गोळी बैठकीवर ठेवून, वर पितळेचा तुकडा धरून, हलकीच एक टिचकी मारली, म्हणजे बैठक नीट बसते. इथं हातोडा मोठा झाला की काम संपलं. मोठ्या पिस्टनवरचा गंज बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून काढला. खोल खड्डे नव्हते, हे नशीब. असते तर नवं सील महिनाभरात फाटलं असतं. एका बारक्या स्क्रूला मात्र आम्ही हात लावला नाही. जास्त वजन पडलं तर तेल सोडून देणारा तो सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो. कारखान्यात तो मापानं लावलेला असतो, तो पिळून जॅकची ताकद वाढवू म्हणणारा माणूस घात करतो.

सिलांसाठी धाकटा सेलूहून रेल्वेनं जालन्याला गेला. पहिली खेप वाया गेली. आम्ही जुन्या सिलाचं माप नेलं होतं, आणि ते तर फुगलेलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "रबर मोजू नका, लोखंड मोजा. सिलिंडर आतून मोजा, पिस्टनची खाच मोजा." दुसऱ्या खेपेला व्हर्नियरनं घेतलेली मापं कागदावर नेली. सीलं, ओ-रिंगा, तांब्याची वायसरं आणि लिटरभर तेल मिळून 430 रुपये. गाडीभाडं वेगळं.

जालन्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. आपल्या वस्त्यांमधल्या हापशाचा इतिहास याच गावातून जातो. जुने ओतीव लोखंडाचे हापसे सारखे मोडत, तेव्हा जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी मजबूत हापसा बनवला. सोलापुरात तो आणखी सुधारला आणि त्याच वाटेनं 1970 च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' आला. त्याच्या पोटातही वाटीसारखी वायसरं असतात, आधी चामड्याची, पुढं रबराची. हे सगळं आम्ही नंतर वाचलं. त्या वेळी लक्षात आलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

कारण जॅक जोडला, तेल भरलं, हवा काढायला रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंधरा वेळा दांडा मारला. रिकामा जॅक झकास वर आला. ट्रॉली ठेवली आणि डोळ्यादेखत तो बसला. पुन्हा उघडला. गोळ्या पाहिल्या, व्हॉल्व्ह पाहिला. पुन्हा जोडला, पुन्हा बसला. दोन रविवार असेच गेले. शेजारचे विचारू लागले, "काय, म्हैस उठली का?"

तिसऱ्या रविवारी माय कोथिंबीर निवडत जवळ येऊन बसली. पेपरावर मोठा पिस्टन पडला होता. तिनं सिलावरून बोट फिरवलं.

"हे वायसर उलटं हाय."

"माय, हे स्टोव्हचं वायसर नाही."

"मंग काय हाय? स्टोव्हच्या वायसरची वाटी कुन्या तोंडानं ऱ्हाती? जिकडं हवा दाबायची तिकडं. उलटी घातली तर शंभर डाव पंप मार, हवा मागनंच जाती. तुमचं तेल बी तसंच जायलं."

आम्ही सिलाकडं पाहत बसलो. त्याची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला हवी होती, आम्ही पाठ फिरवून बसवली होती. वाटीचं तोंड दाबाकडं असलं की दाब वाटीत शिरतो, कड फाकवतो आणि भिंतीला चिकटवतो. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. मायनं वीस-बावीस वर्षं पंपाच्या स्टोव्हवर आमचा स्वयंपाक केला. वायसर सुकलं की ती खोबरेल लावून बोटानं फाकवायची. हे ज्ञान घरातच होतं आणि आम्ही जालन्याच्या खेपा घालत होतो.

पुढं वाचनात आलं ते असं. हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट 1795 साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा यांनी घेतलं. पण दाब वाढला की पिस्टनच्या कडेनं पाणी गळायचं आणि यंत्र हात टेकायचं. त्यावर चामड्याच्या वाटीचा उपाय ब्रामांच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या कामगारानं काढला, असं मानलं जातं. हा मॉडस्ले बाराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरायला लागलेला पोरगा. आठवड्याला 30 शिलिंग मजुरी होती, वाढवून मागितली, मिळाली नाही. 1797 साली तो बाहेर पडला आणि स्वतःचं वर्कशॉप काढलं. पुढं नामांकित यंत्रकार झाला. पेटंटावर नाव मालकाचं आणि गळती थांबवणारा मजूर, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही.

आणि ते चामडं! ज्या चामड्याला हात लावणाऱ्यांना आपल्या देशानं गावाबाहेर बसवलं, त्याच्याच वाटीवर तिकडं यंत्रांनी डोंगराएवढी वजनं पेलली. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि आपल्या वाडवडिलांनी गावकीची घाण कामं टाकून दिली, ते योग्यच झालं. पण बाबासाहेबांनी कामं नुसती टाकायला सांगितली नाहीत, दुसरी शिकायलाही सांगितली. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवारीची सोय मागितली. दादांसारख्या क्लीनरला कुणी जॅक उघडून दाखवला असता तर, असं आमच्या मनात येतं. गाडीखाली जायचं काम त्यांचं होतं. पण जॅक कसा चालतो हे माहीत असायला हवं, असं कुणाला वाटलं नव्हतं.

सील उलटून बसवलं. चाचणीच्या वेळी माय म्हणाली, खाली कुणी जायचं नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस उचलला, खाली बोटभर अंतर सोडून लाकडी ठोकळे रचले, म्हणजे बसलाच तर तेवढाच बसेल. भिंतीवर आसाच्या उंचीला खडूची रेघ मारली आणि झोपायला गेलो. झोप कुणाला लागली नाही ते सोडा.

पहाटे बाहेर आलो तर माय आमच्या आधी अंगणात. बॅटरी लावून रेघेकडं पाहत होती. आस रेघेच्या दोन सूत खाली आला होता.

"बसला," थोरला म्हणाला.

"रातभरात दोन सूत," धाकटा म्हणाला. "रिलीजची बैठक अजून थोडी घासायला पाहिजे. पण माय, नवा जॅक असला तरी त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नसतं. जॅक उचलायला असतो, धरायला घोड्या असतात. त्या रात्री दादांच्या गाडीला घोड्या नव्हत्या."

माय बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "घोड्या कितीला येतेत?"

त्या आम्ही विकत घेतल्या नाहीत. जाड पाइप आणि अँगल आणून वेल्डिंगवाल्याकडून चार करून घेतल्या, वर खाच असलेल्या, आस घसरू नये म्हणून. विटा आणि दगड वापरायचे नाहीत, ते वजनाखाली फुटतात. चाकांना पुढून-मागून ओट लावायची. आता गिऱ्हाईक आलं की जॅकनं गाडी वर जाते, घोड्या आत सरकतात, जॅक थोडा सोडून वजन घोड्यांवर येतं, गाडी हलवून पाहिली जाते, आणि मगच धाकटा खाली जातो. रिलीजची बैठक घासल्यावर रात्रीचे दोन सूत एकावर आले आहेत. तेल वर्षानं बदलायचं म्हणून पोरीनं तारीख जॅकवर रंगानं लिहून ठेवली आहे.

माय दुपारी भाकरी घेऊन दुकानावर येते. डबा ठेवायच्या आधी वाकून गाडीखाली बघते आणि मोठ्यानं घोड्या मोजते.

"दोन दिसायल्या. बाकीच्या दोन कुटं हायेत?"

धाकटा खालूनच ओरडतो, "मागच्या आसाला, माय."

ती मागं जाऊन बघते, आणि मगच डबा सोडते.